वाचकांचे प्रश्न : क्लच दाबला की आवाज जातो, सोडला की परत येतो

या वेळी क्लचच्या बाजूच्या आवाजांचीच पत्रं एवढी आलीत की अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतोय. आवाज कसा येतो ते सगळ्यांनी झकास लिहिलंय, कोणी टकटक, कोणी खडखड, कोणी डब्यात नट टाकून हलवल्यासारखा, पण तो कधी येतो हे बहुतेकांनी लिहिलेलंच नाही आणि खरी गोम तिथेच असते. क्लच दाबला की काय होतं, रेस थोडी वाढवली की काय होतं, इंजिन गरम झालं की वाढतो का कमी होतो, एवढं बघितलं तरी कव्हरचा एकही बोल्ट न काढता बरंच काही कळतं. तेव्हा पुढच्या वेळी लिहिताना हे तीन मुद्दे आधी लिहा, मग टकटक-खडखड.

प्रश्न : माझी १५० सीसीची बाइक आहे. गरम झाली की न्यूट्रलला उभी असताना उजव्या बाजूने खडखड येते आणि क्लच दाबला की एकदम बंद होते. एक मेकॅनिक म्हणतो क्लच हाउसिंग बदला, दुसरा म्हणतो टायमिंग चेन गेली. कोणाचं ऐकू?

उत्तर : टायमिंग चेन आधी डोक्यातून काढा. ती क्रँकवरून (पिस्टन ज्याला फिरवतो तो इंजिनचा मुख्य शाफ्ट) निघते आणि वर हेडमध्ये, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमकडे जाते, तुम्ही क्लच दाबलाय का सोडलाय याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही, आणि बऱ्याच सिंगल सिलेंडर इंजिनांत ती डाव्या बाजूला असते, क्लच उजव्या.

आता आत काय चालतं ते बघा, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या पत्रांची उत्तरं तुम्हीच द्याल. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, क्लच सोडलेला. क्रँकच्या टोकावरचा छोटा गियर क्लच हाउसिंगच्या मोठ्या गियरला फिरवतो, ही झाली प्रायमरी ड्राइव्ह. हाउसिंग म्हणजे हा मोठा गियर आणि त्याला जोडलेला, क्लच प्लेटा ज्यात बसतात तो ड्रम; ते प्लेटा फिरवतं, प्लेटा मधल्या हबला फिरवतात, हब गियरबॉक्सच्या मेन शाफ्टवर बसलेला, म्हणजे तो शाफ्ट आणि त्याच्याशी कायम जुळलेले गियर सगळे गरगर फिरतायत, फक्त कुठलाच गियर लॉक नाही म्हणून चाक फिरत नाही. क्लच दाबला की हाउसिंग क्रँकबरोबर फिरतच राहतं पण हब आणि मेन शाफ्ट सुटतात आणि मंदावतात. म्हणजे क्लच दाबून जो आवाज जातो तो एकतर मेन शाफ्टच्या बेअरिंगचा किंवा गियरचा, नाहीतर खुद्द हाउसिंग ढिलं झाल्याचा, कारण मागे हब आणि गियरबॉक्सचं ओझं असतं तेव्हाच ते ढिलं हाउसिंग मागेपुढे आपटत राहतं.

या दोघांत फरक कसा करायचा? रेस अगदी थोडी वाढवा, सुई जराशी हलेल एवढीच. खडखड गेली तर हाउसिंग. मोठ्या गियरच्या आणि ड्रमच्या मधे गोलात स्प्रिंगा किंवा रबर बसवलेले असतात, सिंगल सिलेंडर फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच धक्का देतं, मधल्या वेळात क्रँक मंदावतो, आणि हे मागेपुढे होणं त्या स्प्रिंगांनी गिळायचं असतं. त्या थकल्या किंवा रिव्हेट सैल झाले की कमी आरपीएमला हाउसिंग वाजायला लागतं आणि आरपीएम वाढला की धक्के जवळ जवळ येतात, फिरणं एकसारखं होतं, आवाज मिटतो. बेअरिंगचा आवाज उलटा, तो सलग घरघरीचा असतो आणि रेसबरोबर चढत जातो, मिटत नाही.

अजून एक खात्री करून घ्या. न्यूट्रलमध्ये क्लच दाबला तरी प्लेटांमधल्या ऑइलच्या चिकटपणामुळे मेन शाफ्ट हळूहळू फिरतच राहतो, त्यामुळे आवाज अर्धवट जातो आणि आपण गोंधळतो. ब्रेक धरा, क्लच पूर्ण दाबा, पहिला गियर टाका. आता चाक थांबलेलं म्हणजे मेन शाफ्टही पूर्ण थांबलेला. न्यूट्रलमध्ये उरलेली घरघर इथे साफ गेली तर मेन शाफ्टच्या बेअरिंगवर संशय पक्का.

तुमच्या पत्रावरून मला हाउसिंगच वाटतंय, पण म्हणून लगेच बदलू नका. आधी आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन किती फिरतं ते, बघा. लहान इंजिनांच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये १४०० आरपीएमच्या आसपास सांगितलेलं असतं आणि लोक पेट्रोल वाचवायच्या नादात ते १००० वर आणून ठेवतात, मग चांगलं हाउसिंगसुद्धा वाजणारच ना. दुसरं ऑइल. गरम झाल्यावरच येतो म्हणताय, म्हणजे ऑइल पातळ झाल्यावर ढिलाई ऐकू येतेय, तेव्हा लेव्हल आणि ग्रेड तपासा, सांगितलेल्या ग्रेडपेक्षा पातळ भरलं असेल तर तिथेच उत्तर मिळेल. एवढं करूनही राहिलं तरच कव्हर उघडायचं.

उघडल्यावर काय बघायचं ते नीट सांगतो, कारण बरेच जण उघडतात, प्लेटा बघतात, "प्लेटा चांगल्या आहेत" म्हणून परत लावतात. प्रेशर प्लेट आणि प्लेटा काढल्यावर हाउसिंग दोन्ही हातांनी धरा आणि आपल्याकडे-पलीकडे डोलवून बघा, खालचं बुश (साधी धातूची नळी) किंवा नीडल बेअरिंग (बारीक रोलरांचं बेअरिंग) गेलं असेल तर ते लचकताना हाताला कळतं. मग क्रँक हलू न देता हाउसिंग डावीकडे-उजवीकडे पिळा. गियरच्या दातांमधला अगदी बारीक प्ले चालतो, पण गियर जागेवर आणि ड्रम मात्र त्याच्यावर सुटा हलतोय, तर स्प्रिंगा संपल्या. मागच्या बाजूला रिव्हेटच्या डोक्यांभोवती काळपट-करडी रेघ दिसते का ते बघा, तिथे धातू धातूवर घासतोय. स्प्रिंगांना एकेक करून बोटाने फिरवायला जा, सहज फिरली तर ती आता काही काम करत नाहीये. आणि ड्रमच्या बोटांवर (कडेच्या उभ्या पट्ट्यांवर) प्लेटांच्या कानांनी (बाहेर आलेल्या दातांनी) खाचा पाडल्यात का ते नखाने बघा. नख जेमतेम अडकतं अशी खाच बारीक कानशीने साफ करता येते, त्याहून खोल असेल तर कानस मारून कान आणि बोट यांतली फट वाढते आणि टकटक नवीन सुरू होते, तिथे हाउसिंगच बदलायचं.

प्रश्न : माझं उलटं आहे. क्लच सोडलेला असताना गाडी शांत, दाबला की किर्रर्र. सिग्नलला लाज वाटते.

उत्तर : सिग्नलला क्लच दाबून उभं राहायचंच कशाला, न्यूट्रल टाका की! लाजही वाचेल आणि बेअरिंगही. दाबल्यावरच येणाऱ्या आवाजाचा पहिला संशयित म्हणजे क्लच रिलीज बेअरिंग, प्रेशर प्लेटच्या मधोमध असतं ते छोटं बेअरिंग. क्लच दाबला की पुशरॉड किंवा लिफ्टर (लिव्हरचा जोर आत पोचवणारा भाग) त्याच्यावर जोर देतो, एक बाजू फिरते, दुसरी थांबलेली. ते कोरडं पडलं की किरकिरतं. बदलायला सोपं, बहुतेक गाड्यांत प्रेशर प्लेटचे बोल्ट काढले की हातात येतं.

पण ते खराब का झालं हे बघितल्याशिवाय नवीन टाकू नका. लिव्हरला फ्री प्ले किती आहे? बऱ्याच गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळी हालचाल सांगितलेली असते. क्लच लगेच सुटावा म्हणून वायर ताणून ठेवली असेल तर बेअरिंगवर चोवीस तास दाब, पुशरॉड असलेल्या गाड्यांत तर रॉडचं टोक तापून निळं पडतं आणि चेपून पसरतं, मग रॉड आखूड झाला म्हणून क्लच नीट सुटत नाही, म्हणून आपण वायर अजून ताणतो. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं.

बेअरिंग बदलूनही आवाज राहिला तर हाउसिंगच्या खालच्या नीडल बेअरिंगकडे बघा. गंमत अशी की क्लच सोडलेला असतो तेव्हा हाउसिंग आणि मेन शाफ्ट एकत्रच फिरतात, मधलं हे बेअरिंग आरामात बसलेलं असतं. दाबल्यावर शाफ्ट थांबतो, हाउसिंग फिरतं, आणि तेव्हाच त्याला खरं काम पडतं. त्यामुळे तेही दाबल्यावरच बोलतं.

प्रश्न : जुनी ३५० सीसीची गाडी, प्रायमरीला चेन आहे. रेस सोडून परत दिली की डाव्या कव्हरमधून 'टक' असा जोरात आवाज, आणि आयडलिंगला सलग टकटक. दोघांनी सांगितलं बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) गेलं, इंजिन पूर्ण खोलावं लागेल. जीव थोडा थोडा होतोय.

उत्तर : थांबा. इंजिन खोलायच्या आधी डावं कव्हर. चेनच्या प्रायमरीत बिग एंडची हुबेहूब नक्कल करणाऱ्या भरपूर गोष्टी आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा एका दुपारीत सापडतात.

पहिली म्हणजे चेन ढिली असणं. रेस सोडली की ताण वरच्या धावेवरून खालच्या धावेवर जातो, परत दिली की उलटा, आणि मधली सगळी ढिलाई एका झटक्यात आवळली जाते, तोच तुमचा 'टक'. फारच ढिली असेल तर चेन कव्हरला आतून घासते, कव्हर काढल्यावर आत चकचकीत रेघ दिसेल. जुन्या बुलेटसारख्या गाडीत तपासणीच्या झाकणातून बोट घालून चेन वरखाली साधारण ६ मिमी हलली पाहिजे. पण इथेच लोक चुकतात, एकाच जागी मोजतात. जुनी चेन सगळीकडे सारखी वाढत नाही, म्हणून प्लग काढून किकने इंजिन हळूहळू फिरवत जा, जिथे चेन सगळ्यात टाइट लागते ती जागा शोधा आणि तिथे मोजा. ढिल्या जागी ६ मिमी ठेवलं तर टाइट जागी ती तारेसारखी ताणली जाणार, आणि टाइट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट, क्रँकचं बेअरिंग आणि मेन शाफ्टचं बेअरिंग दोन्ही ओढून खराब करते. टाइट चेन टकटक करत नाही, गुणगुणते, रेसबरोबर सूर चढतो आणि इंजिन तापलं की अजून वाढतो, कारण ॲल्युमिनियमचं केस तापून फुगतं आणि दोन स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं. हा फरक किती असतो याचा अंदाज हवा असेल तर २००७ च्या आधीच्या मोठ्या हार्ले इंजिनांचे आकडे बघा, थंड असताना साधारण १६ ते २२ मिमी आणि गरम असताना १० ते १६. म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल थंड सांगतंय का गरम ते वाचून मगच हात लावा. टाइट जागा आणि ढिली जागा यात फार तफावत असेल तर ॲडजस्ट करत बसू नका, चेन गेली, आणि नवीन चेन टाकताना स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकलेत का तेही बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रँकच्या टोकावरचा नट. त्याच टोकावर प्रायमरी स्प्रॉकेट आणि बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचा रोटर बसलेला असतो. नट जरासा सैल झाला की स्प्रॉकेट किंवा रोटर चावीवर (त्याला शाफ्टवर अडकवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) डोलतो आणि आवाज येतो तो थेट क्रँकमधून, खोल, जड, अगदी बिग एंडसारखा. असल्या नटापायी धडधाकट क्रँक बाहेर काढलेली इंजिनं आहेत, आणि आवाज जोडणीनंतर पळाला तो क्रँकमुळे नाही, नट नीट आवळला म्हणून! रोटर हाताने धरून हलवा, प्ले लागला तर काढून चावी आणि खाच बघा, खाच रुंद झाली असेल तर नुसतं आवळून भागत नाही. क्लचच्या मधल्या नटाचंही तसंच, तो सैल असेल तर अख्खा क्लच डोलतो.

बिग एंड खरंच गेलं असेल तर आवाज लोड आला की वाढतो, चढावर उंच गियरमध्ये रेस दिल्यावर खोल ठोका ऐकू येतो, आणि क्लच दाबा नाहीतर सोडा, तो ठोका आहे तिथेच राहतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून आधी क्रँकच्या टोकासमोर ऐका, मग क्लचच्या मध्यासमोर, मग बॅरलच्या बुडाशी. जिथे तो सगळ्यात टोकदार लागतो तिथून शोध सुरू करायचा. सैल कपडे आणि गरम सायलेन्सर सांभाळा.

प्रश्न : क्लच प्लेटा नवीन टाकल्या, ओरिजिनल टाकल्या, तरी गाडी उचलताना हाफ क्लचवर 'घुंऽऽ' करून थरथरते. आधी नव्हतं हे.

उत्तर : आधी नव्हतं म्हणजे लावताना काहीतरी झालंय, प्लेटांना दोष देऊ नका. बऱ्याच क्लचमध्ये सगळ्यात आतल्या प्लेटेचं भोक बाकीच्यांपेक्षा मोठं असतं आणि त्या मोकळ्या जागेत एक सपाट रिंग आणि एक किंचित वाटीसारखी वाकलेली जडर स्प्रिंग बसते. तिचं काम नेमकं हेच, हाफ क्लचचा थरथराट गिळायचा. ती उलटी लागली, किंवा जुन्या प्लेटांना चिकटून कचऱ्यात गेली, किंवा मोठ्या भोकाची प्लेट भलत्याच जागी लागली, की तुमचा 'घुंऽऽ' सुरू. मॅन्युअलमधलं चित्र बघून वाटीची बाजू कुठे यायला हवी ते जुळवा. काही गाड्यांत सगळ्यात बाहेरच्या प्लेटेचे कान ड्रमच्या वेगळ्या, शेजारच्या खाचेत जातात, तेही बघा.

नव्या प्लेटा लावायच्या आधी इंजिन ऑइलमध्ये भिजवल्या होत्या का? कोरड्या लावल्या तर सुरुवातीलाच जळतात आणि चकाकी येते, मग ओरडतात. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून वाकल्यात का बघायच्या, निळे डाग असतील तर त्या तापल्यात. आणि ऑइल कारचं भरलेलं असेल तर मी काय बोलू. ओल्या क्लचच्या बाइकला डब्यावर जासो (जपानी ऑटोमोबाइल स्टँडर्ड) एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल लागतं, हे स्टँडर्ड १९९८ पासून आहे आणि नेमकं या क्लचसाठीच काढलंय. एमबी लिहिलेलं ऑइल घर्षण कमी ठेवणारं, ते स्कूटरसारख्या गाड्यांचं, जिथे क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला नसतो.

प्रश्न : सकाळी पहिला गियर टाकला की 'कट्ट' करून गाडी झटका खाते. दिवसभर परत काही नाही.

उत्तर : रात्रभरात प्लेटा ऑइलने एकमेकींना चिकटतात, बाकी काही नाही. स्टार्ट करायच्या आधी गियरमध्ये टाकून, क्लच दाबून गाडी पुढेमागे ढकला, सुटतील. दिवसभर होत असेल तर मात्र ड्रमच्या खाचा, फ्री प्ले जास्त होणं आणि वाकलेल्या प्लेटा या क्रमाने बघा.

प्रश्न : क्रँकवरचा प्रायमरी गियर बदलला, एकच खराब होता म्हणून एकच बदलला. आता रेसबरोबर शिट्टीसारखा 'ऊंऽऽ' येतो. चेन-स्प्रॉकेटचा असेल का?

उत्तर : चालत्या गाडीत क्लच दाबून रेस सोडा. चाकाच्या वेगाबरोबर आवाज चालू राहिला तर तो मागचा, इंजिनच्या आरपीएमबरोबर खाली आला तर प्रायमरीचा. तुमचं लिहिणं बघता प्रायमरीच. हे दोन गियर एकमेकांबरोबर घासून जुळलेले असतात, नव्या दाताला जुना दात मिळाला की शिट्टी येणारच, आणि काही इंजिनांत तर दातांमधली फट बरोबर यावी म्हणून गियरवर अक्षर किंवा रंगाची खूण असते, ती जुळवूनच जोडी लावायची असते. खूण जुळत नसेल तर जोडी बदला. काही मोठ्या इंजिनांत गियर दोन पातळ चकत्यांचा, मधे स्प्रिंगा घालून केलेला असतो, ती फट आपोआप भरायला. तो लावताना स्प्रिंगा ताणून न घेता बसवला की मग शिट्टीऐवजी खुळखुळाट.

प्रश्न : दोन सिलेंडरची कार्ब्युरेटरवाली गाडी, क्लच हाउसिंग वाजतं, नवीन टाकलं तरी वाजतं.

उत्तर : कार्ब्युरेटर सिंक करून घ्या, म्हणजे दोन्ही सारखे उघडतील असे जुळवून घ्या. एक सिलेंडर जास्त ओढतो, दुसरा मागे राहतो, आयडलिंगला क्रँक झटके देत फिरतो आणि बिचाऱ्या हाउसिंगला शिव्या बसतात.

प्रश्न : मित्राची ड्युकाटी क्लच दाबला की अक्षरशः भांडी पडल्यासारखी वाजते आणि तो म्हणतो नॉर्मल आहे. थापा मारतोय का?

उत्तर : ड्राय क्लचची असेल तर खरं बोलतोय. आवाज दाबायला ऑइल नाही, प्लेटा सुट्या झाल्या की ड्रममध्ये नाचतात. त्याचं काळजीचं कारण सोडलेल्या क्लचवर येणारा आवाज असेल, दाबलेल्यावरचा नाही.

प्रश्न : ऑइल बदलताना चमचम दिसली. आवाज थोडासाच आहे. चालवू का नको?

उत्तर : आवाजापेक्षा मी या चमचमीवर जास्त विश्वास ठेवतो. ऑइल पांढऱ्या कापडातून गाळा आणि उन्हात बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकाला बोटावर काजळासारखी लागणारी काळी पेस्ट असेल तर ती रोजची झीज, पुसून टाका. चुंबकाला न चिकटणारी हलकी, रुपेरी कपची म्हणजे ॲल्युमिनियम, ड्रमच्या बोटांवर खाचा पडतायत किंवा काहीतरी कव्हरला घासतंय. पिवळसर, पितळी कण म्हणजे हाउसिंगखालचं बुश, जिथे बुश आहे तिथे. काळे-तपकिरी धागे किंवा चुरा, आणि ऑइलला जळका वास, तर क्लच प्लेटांचं अस्तर. या तिन्हींत गाडी सांभाळून नेऊन कव्हर उघडता येतं, पण लांब पल्ला नको. पण चुंबकाला सुईसारखे तुकडे किंवा टणक चकचकीत पापुद्रे चिकटले असतील, बोटात धरले की टोचतील असे, तर बेअरिंग फुटतंय. तेव्हा आवाज कितीही थोडा असू दे, स्टार्ट करू नका, टेम्पोत घालून न्या.